उतईचे पुस्तक आणि राष्ट्राचे दप्तर

दुर्ग स्थानकावरून एक गाडी पूर्वेस हावड्याकडे जाते, दुसरी पश्चिमेस नागपूरवरून मुंबईकडे. ह्या दुर्गच्या शेजारी, भिलाईच्या दक्षिणेस, उतई नावाचे एक लहानसे गाव आहे. आता अशी कल्पना करावी की, ह्या उतईत स्थायिक झालेल्या एका निवृत्त मराठी शिक्षकाने साठ-सत्तर पृष्ठांचे एक पुस्तक लिहिले. आपले घराणे ह्या भागात केव्हा आले, कोणी शेती धरली, कोणी कचेरीत लागला, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा विदर्भातून कोण कोण आले, घरात कोणती भाषा बोलली जाई आणि दारी कोणती, अशी ती हकीकत. दुर्गच्या एखाद्या छापखान्यात तिच्या तीनशे प्रती निघाल्या. लेखक तोच प्रकाशक. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस किमतीच्या जागी ‘सप्रेम भेट’ एवढेच शब्द.

अशा पुस्तकाचे पुढे काय होते हे सर्वांनाच ठाऊक आहे. शंभर प्रती नातलगांत जातात, पन्नास लग्नामुंजीत वाटल्या जातात, उरलेला गठ्ठा माळ्यावर चढतो आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर वाळवीच्या स्वाधीन होतो. तीस वर्षांनी एखाद्या अभ्यासकास छत्तीसगढातील मराठी वस्तीचा इतिहास लिहावासा वाटला, तर त्याने हे पुस्तक कोठे शोधावे? महाराष्ट्रातील ग्रंथालयांस ते परप्रांतात छापलेले, म्हणून ठाऊक नसते. छत्तीसगढातील ग्रंथालयांस ते परभाषेतील, म्हणून नकोसे असते. माहेरीही नाही आणि सासरीही नाही, अशी त्याची स्थिती. राष्ट्रीय ग्रंथालय ही संस्था कशासाठी असते, ह्या प्रश्नाचे उत्तर थोर ग्रंथांपेक्षा अशा पोरक्या पुस्तकांवरूनच अधिक चांगले कळते. थोर ग्रंथाची काळजी वाहणारे पुष्कळ असतात.

ह्या भागात मराठी पुस्तक निघावे ह्यात नवल असे काही नाही. १७४१ पासून छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचे वर्चस्व होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी राजधानी नागपूरच राहिली. मध्यप्रांताच्या त्या जुन्या रचनेत १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि रायपूरची सरकारी कागदपत्रे नागपुरासच जात. माधवराव सप्रे ह्या मराठी गृहस्थांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली आणि कारखान्याबरोबर मराठी कुटुंबांची आणखी एक पिढी येथे आली. माणसे आली की लिहिणे येते, आणि लिहिणे आले की कधीतरी छापणेही येते.

तेव्हा आपल्या कल्पनेतील शिक्षकाने काय करावयास हवे? उत्तर एका लहानशा कायद्यात आहे. १९५४ साली संसदेने सार्वजनिक ग्रंथालयांस पुस्तके देण्याविषयीचा कायदा केला आणि १९५६ मध्ये त्यात दुरुस्ती करून वृत्तपत्रांनाही तो लागू केला. त्याप्रमाणे भारतात पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येकाने, प्रसिद्धीपासून ३० दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावयाची असते. आणखी तीन प्रती तीन सार्वजनिक ग्रंथालयांस द्यावयाच्या. ती तीन म्हणजे मद्रासचे कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईचे टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. उतईहून पाहिले तर पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशा चारी दिशांस एकेक पुडके रवाना होते.

हा कायदा वाचून पाहण्यासारखा आहे. ‘पुस्तक’ ह्या शब्दाची त्यातील व्याख्या मोठी उदार आहे. ग्रंथ, त्याचा भाग, पत्रक, स्वतंत्रपणे छापलेला नकाशा, संगीताच्या स्वरलिपीचा कागद, सारे तीत बसते. भाषा कोणतीही चालते आणि शिळाछापही चालतो. म्हणजे आपले सत्तर पानी पुस्तक तीत निर्विवाद बसते. राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जाणारी प्रत मात्र उत्तम कागदावरची, सर्व चित्रे व नकाशे यथास्थित असलेली आणि बांधलेली किंवा शिवलेली असावी लागते. इतर तीन ग्रंथालयांस बाजारात जशी विक्रीची प्रत जाते तशी दिली तरी पुरे. हा भेद उगाच केलेला नाही. तिघांनी वाचकांची सोय पाहावयाची आहे आणि एकाने काळाशी झुंजावयाचे आहे, म्हणून ज्याला झुंजावयाचे त्याला चांगली प्रत. मजकुरात किंवा चित्रांत काहीही फरक न करता काढलेल्या पुनर्मुद्रणास, पहिली आवृत्ती पूर्वी दिलेली असल्यास, ह्या कायद्याने सूट दिली आहे.

कायदा मोडणाऱ्यास शिक्षा काय? १९५४ च्या कायद्याने ठरविलेला दंड पन्नास रुपयांपर्यंतचा आणि वर पुस्तकाची किंमत. त्यासाठीही सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद केली तरच न्यायालय दखल घेणार. हा दंड धाक घालण्याकरिता नसून संकेत म्हणून आहे, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्याचा परिणाम असा की, सारी व्यवस्था प्रकाशकाच्या जाणिवेवर उभी आहे, आणि ती जाणीव मोठ्या शहरांतील मोठ्या प्रकाशकांपाशीही नेहमी असतेच असे नाही. अलीकडे ह्यात आणखी एका गैरसमजाची भर पडली आहे. पुस्तकावर आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथक्रमांक घातला की ते राष्ट्राच्या दप्तरी नोंदले गेले, असे अनेक लेखक-प्रकाशक समजतात. तो क्रमांक दिल्लीच्या एका निराळ्या कचेरीतून मिळतो. तो पुस्तकाला ओळख देतो, आसरा देत नाही. आसरा हवा असेल तर पुस्तक टपालात टाकावेच लागते.

१९५४ पूर्वी काय होते, हेही पाहिले पाहिजे. १८६७ मध्ये इंग्रज सरकारने छापखाने व पुस्तके ह्यांच्या नोंदणीचा कायदा केला होता. १८५७ चा अनुभव ताजा होता आणि देशी भाषांत काय छापले जाते ह्यावर सरकारास लक्ष ठेवावयाचे होते. त्यासाठी मुद्रकाकडून प्रती घेतल्या जात आणि प्रांतोप्रांतीच्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होत. हेतू पहाऱ्याचा होता, पण पहारेकऱ्याची वही पुढे इतिहासकारास उपयोगी पडली. त्या याद्यांत ग्रंथाचे नाव, कर्ता, छापखाना, पृष्ठे, प्रतींची संख्या, किंमत असा तपशील असे. एकोणिसाव्या शतकातील कित्येक मराठी पुस्तके आज केवळ त्या ओळींतच जिवंत आहेत. काही पुस्तके मात्र साता समुद्रांपलीकडे सुखरूप राहिली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची ब्लूमहार्टने केलेली सूची १८९२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. आपल्या ग्रंथांची सूची परक्याने परदेशात करावी ह्यात आनंद मानावा की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे. तो १८६७ चा कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा केवळ नियतकालिकांपुरता आहे. त्यामुळे पुस्तकांच्या बाबतीत १९५४ च्या कायद्याची जबाबदारी वाढली आहे.

कलकत्त्याच्या ग्रंथालयाची कथाही सरळ रेषेत चालत नाही. १८३६ मध्ये तेथे लोकांच्या वर्गणीतून कलकत्ता पब्लिक लायब्ररी उभी राहिली. १८९१ मध्ये सरकारी खात्यांची ग्रंथालये एकत्र करून इंपीरियल लायब्ररी स्थापन झाली, पण ती मुख्यतः अधिकाऱ्यांची. लॉर्ड कर्झनने ह्या दोहोंची सांगड घातली आणि ३० जानेवारी १९०३ रोजी मेटकाफ हॉलमध्ये नवी इंपीरियल लायब्ररी सर्वांसाठी उघडली. तिचे पहिले ग्रंथपाल जॉन मॅकफर्लेन हे ब्रिटिश म्युझियममधून आणलेले होते. त्यांच्यामागून आलेले हरिनाथ डे हे अनेक भाषांचे असामान्य पंडित. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ती ‘राष्ट्रीय ग्रंथालय’ झाली आणि बेल्व्हेडिअर ह्या, पूर्वी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे निवासस्थान असलेल्या, प्रासादात गेली. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझाद ह्यांच्या हस्ते तिचे दरवाजे लोकांसाठी उघडले. त्या वेळी बी. एस. केशवन हे ग्रंथपाल होते. नाव बदलणे एका दिवसाचे काम असते. प्रत्येक भारतीय भाषेतील प्रत्येक नवे पुस्तक मागण्याचा हक्क मात्र ह्या ग्रंथालयास पुढच्याच वर्षी मिळाला, आणि खऱ्या अर्थाने ते तेव्हा राष्ट्रीय झाले.

कायद्याने येणारी पुस्तके हा संग्रहाचा एक प्रवाह. भारताविषयी परदेशात निघालेली पुस्तके विकत घ्यावी लागतात. परराष्ट्रांच्या ग्रंथालयांशी देवघेव चालते. संयुक्त राष्ट्रसंघासारख्या संस्थांची प्रकाशने ठेव म्हणून येतात. ह्या सर्वांपेक्षा मनाला भिडणारा प्रवाह देणग्यांचा. सर आशुतोष मुखर्जी ह्यांचा प्रचंड ग्रंथसंग्रह त्यांच्या कुटुंबीयांनी १९४९ मध्ये ग्रंथालयास दिला व तो आजही स्वतंत्रपणे ठेवलेला आहे. सर जदुनाथ सरकार ह्यांचा संग्रहही येथेच आहे, आणि मराठी माणसास त्याचे अगत्य विशेष. ह्या बंगाली इतिहासकाराने मराठी कागदपत्रांसाठी मराठी आत्मसात केली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्याशी त्यांचा जन्मभर स्नेह होता. अशा माणसाची पुस्तके एका जागी राहतात तेव्हा त्यांत ग्रंथांबरोबर एका बुद्धीचा प्रवासही टिकतो. तीच पुस्तके विषयवार विखुरली असती तर तो प्रवास पुसला गेला असता. म्हणून अशा संग्रहांना वर्गीकरणाच्या शिस्तीतून थोडी मोकळीक देणे हेच शहाणपणाचे.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मराठी पुस्तक कलकत्त्यास जाते ते काही परक्या गावी जात नाही. मराठी मुद्रणाचा पाळणा तेथूनच हाकेच्या अंतरावर हलला. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बाहेर पडले आणि त्याचा मराठी कोश १८१० मध्ये, तोही मोडी टंकांत. त्याला साहाय्य करणारे पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरकडचे. त्याच छापखान्यातून पुढे नागपूरकर भोसल्यांची एक वंशावळीही निघाली. नागपूरच्या राज्याची हकीकत बंगालच्या टंकांत, मोडी अक्षरांत आणि एका इंग्रज पाद्र्याच्या देखरेखीखाली छापली गेली! त्या मानाने उतईच्या शिक्षकाचे पुस्तक दुर्गला छापून कलकत्त्यास जाणे हा अगदीच साधा व्यवहार म्हणावयाचा.

पुडके बेल्व्हेडिअरला पोहोचले की त्याची पोच प्रकाशकाकडे जाते; ती देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. पुस्तकाची पाने तपासली जातात, शिक्के बसतात, दाखल क्रमांक पडतो. इथपर्यंतचे काम एखाद्या दक्ष कारकुनाचे. त्यापुढे सूचिकाराचे काम सुरू होते, आणि त्याच्या टेबलाशी मात्र थोडे थांबले पाहिजे.

सूचिकाराने पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा की, हे पुस्तक कोणाचे? वरवर पाहता हा प्रश्न पोरकट वाटतो, पण मराठी नावे त्यास घाम फोडतात. सामान्यतः आडनाव प्रथम घ्यावयाचे आणि मग स्वतःचे व वडिलांचे नाव. हा नियम टिळक, आगरकर ह्यांस ठीक. पण ‘दासबोध’ ह्या नियमाने ‘ठोसर, नारायण सूर्याजी’ ह्या नावाखाली ठेवला, तर महाराष्ट्रात तो कोणासही सापडणार नाही. संतांची नोंद ज्या नावाने लोक त्यांचे स्मरण करतात त्याच नावाने करावी लागते. टोपणनावांचा गुंता त्याहून मोठा. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज होतात आणि विनोदात बाळकराम. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर ह्या नावाने. त्या बाई म्हणजे बाळूताई खरे, आणि विवाहानंतर त्याच मालती बेडेकर झाल्या. एका व्यक्तीची तीन नावे. सूचिकाराने त्यांपैकी एक मुख्य मानावयाचे आणि उरलेल्या दोहोंपाशी ‘अमुक नाव पाहा’ अशी पाटी लावावयाची. ही पाटी लागली नाही तर वाचक रिकाम्या हाताने परत जातो आणि पुस्तक त्याच्यापासून दोन हातांवर उभे असते. स्त्रियांच्या बाबतीत हा अन्याय अधिक वेळा घडतो, कारण लग्नात नावे त्यांचीच बदलतात.

दुसरा प्रश्न सालाचा. जुन्या मराठी पुस्तकांवर शकाचे वर्ष असते. त्यात ७८ मिळविले की इसवी सन निघतो, परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने शेवटच्या दोन-तीन महिन्यांस ७९ मिळवावे लागतात. महिना दिलेला नसेल तर शके १८२० ची नोंद १८९८-९९ अशी जोडसालातच करणे प्रामाणिकपणाचे. उतईच्या पुस्तकावर कदाचित सालच नसेल. ‘गुढीपाडवा’ एवढेच असेल. मग प्रस्तावनेखालची तारीख शोधावयाची, आणि तीही नसली तर पुस्तक हाती आल्याचे वर्ष चौकटी कंसात घालावयाचे. तो कंस वाचकास सांगतो की, हे पुस्तकाने सांगितलेले नाही, आम्ही ठरविले आहे. एवढ्याशा चिन्हात केवढी सचोटी असते!

तिसरा प्रश्न लिपीचा आणि अनुक्रमाचा. ‘ज्ञ’ कोठे लावावा, ‘ज’च्या पोटात की वर्णमालेच्या शेवटी? शाळेतील तक्ता एक सांगतो आणि कोश दुसरे. ‘संत’ आणि ‘सन्त’ जवळ यावेत की दूर? १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि त्यापूर्वीच्या पुस्तकांवरील अनुस्वारांचा पाऊस थांबला, पण जुन्या मुखपृष्ठांवर तो तसाच आहे. ह्याच परिसरात केंद्रीय संदर्भ ग्रंथालय आहे आणि त्याच्यामार्फत ‘भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची’ निघते. तिचा पहिला अंक १९५७ च्या अखेरच्या तिमाहीचा असून तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. कायद्याने आलेल्या पुस्तकांची ही राष्ट्रीय नोंदवही होय. इतक्या भाषा आणि इतक्या लिप्या एका ओळीत बसवावयाच्या म्हणून तिने रोमन लिपीचा, चिन्हांकित अक्षरांसह, आश्रय घेतला. सोय झाली खरी, पण ‘ट’ आणि ‘त’ ह्यांत केवळ एका टिंबाचे अंतर उरले आणि ज्यास ही चिन्हे परिचित नाहीत त्यास आपल्याच भाषेतील ग्रंथाचे नाव अडखळत वाचावे लागले. निरनिराळ्या भाषांचे विभाग त्यांच्या त्यांच्या लिपीत वेगळे काढण्याची कल्पना त्यातूनच निघाली. आता सूची संगणकावर गेली आहे आणि नागरीतील नाव नागरीत शोधणे शक्य झाले आहे, तथापि ऱ्हस्व-दीर्घाचा जाच यंत्रासही चुकलेला नाही.

मग विषय. पुस्तक फळीवर कोठे उभे राहावयाचे हे विषयावरून ठरते. मेलव्हिल ड्यूई ह्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये सर्व ज्ञानाचे दहा भाग पाडले आणि प्रत्येकाचे पुन्हा दहा. पद्धत सुटसुटीत आहे, पण आराखडा काढणारा कोठे उभा होता हे तीत लपत नाही. साहित्याच्या वर्गात इंग्रजीला, जर्मनला, फ्रेंचला ऐसपैस दालने आहेत आणि मराठी साहित्याची खोली ८९१.४६ अशी, दशांशचिन्ह ओलांडून जावे तेव्हा सापडणारी. रंगनाथन् ह्यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले ते अशा आराखड्याला उत्तर म्हणूनच. तयार खोल्यांत पुस्तके कोंबण्याऐवजी त्यांनी विषयाचे पैलू वेगळे करून क्रमांक रचण्याची रीत दिली. बुद्धीने ती श्रेष्ठ असेल, परंतु व्यवहारात ड्यूईच अधिक पसरला. राष्ट्रीय ग्रंथसूचीची मांडणीही त्याच्याच क्रमाने झाली. उतईच्या पुस्तकाचा विषय कोणता? घराण्याची हकीकत म्हणून वंशवृत्त, गावाची माहिती म्हणून स्थानिक इतिहास, कारखान्याच्या आठवणी म्हणून चरित्र, की भाषेच्या सरमिसळीवरचे ते एक प्रकरण महत्त्वाचे मानून समाजशास्त्र? फळीवर जागा एकच मिळते. सूचीत मात्र दोन-तीन ठिकाणी नोंद करता येते, आणि चांगला सूचिकार ती करतो. ‘छत्तीसगढ’ आणि ‘मराठी भाषिक’ ह्या दोन शब्दांखाली ते पुस्तक सापडले पाहिजे, एवढे त्यास उमगले की काम झाले.

हे सारे काम सरकारी व्यवस्थेने करावयाचे, पण मराठीपुरते पाहिले तर ते व्यवस्थेच्या आधी माणसांनी केले आहे. विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी १८९३ मध्ये ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, ते मराठी ग्रंथ एके ठिकाणी असावेत ह्या एकाच ध्यासाने. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. आणि शंकर गणेश दाते ह्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची जवळजवळ एकहाती तयार केली, ती तर विद्यापीठांनी आणि सरकारांनी लाजावे असे काम आहे. ग्रंथालये धुंडाळावी, जुन्या याद्या ताडून पाहाव्या, प्रत्यक्ष पुस्तक हाती घेऊन पृष्ठे मोजावी, असा त्यांचा क्रम. १९३८ ते १९५० चा दुसरा खंडही त्यांनीच सिद्ध केला, आणि पुढील काळाचे काम शरद केशव साठे ह्यांनी चालविले. दात्यांच्या सूचीत जे पुस्तक आहे ते हरवले तरी ‘हरवले’ असे म्हणता येते. जे सूचीतच नाही ते होते की नव्हते, हेही सांगता येत नाही.

पुस्तक मिळाले आणि नोंदले गेले तरी टिकविण्याचा प्रश्न उरतोच. कलकत्त्याची हवा दमट आणि गेल्या शतकातील स्वस्त कागद आम्लाने भरलेला. असा कागद आधी पिवळा पडतो, मग घडीवर तुटतो आणि शेवटी बोट लावताच चुरा होतो. वृत्तपत्रांची गत सर्वांत वाईट. म्हणून दुर्मिळ मजकुराच्या सूक्ष्मपटावर आणि आता संगणकावर प्रतिमा घेतल्या जातात. भोपाळचे माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय १९८४ पासून जुनी वृत्तपत्रे व नियतकालिके जपण्याचेच काम करीत आहे. छत्तीसगढात मासिक काढणाऱ्या मराठी माणसाचे नाव अशा जागेस मिळावे, हा योग चांगला जुळला.

उतईच्या पुस्तकाचा कागद बरा आहे असे धरून चालू. महिन्या-दोन महिन्यांनी शिक्षकाच्या पत्त्यावर कलकत्त्याहून एक छापील पोच येते. तीवर पुस्तकाचे नाव रोमन अक्षरांत, थोडे चुकलेले. तो ते दोनदा वाचतो, चष्मा पुसतो, चूक पेन्सिलीने दुरुस्त करतो आणि ती पोच घरच्या प्रतीत, शेवटच्या पानापाशी ठेवून देतो. मद्रासची आणि दिल्लीची पोच अद्याप यावयाची असते, आणि मुंबईचे पुडके त्याने टपालात टाकले आहे की नाही, हे त्याला नीटसे आठवत नाही. उद्या सकाळी टपालकचेरी उघडली की ते पाहावयाचे आहे.